पिवळा ट्रॅक्टर भंगारात घालण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला आणि सगळे फोटो मोठे करून पाहिले. भिलवडीजवळच्या मळ्यात बाभळीखाली पंधरा-सोळा वर्षं एक पिवळा ट्रॅक्टर उभा आहे. चुलत्यांनी तो एका कारखान्याच्या लिलावात घेतला होता. पुढं लोडरचे हात आहेत, मागं अवजार उचलायची लिफ्ट नाही, नुसता हूक आहे. नावाची पट्टी गेलेली, इंजिन जाम. घरात सगळे म्हणतात की हा कोयनेच्या धरणावरचा ट्रॅक्टर. भंगारवाला काट्यावरच्या भावानं जागेवरून उचलायला तयार आहे. हा नक्की कोणता ट्रॅक्टर आणि भंगारात घालावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी पलूसला छत्तीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतो. माझ्या मते तुमचे हे दोन प्रश्न एकच आहेत. ट्रॅक्टर कोणता हे कळलं की त्याचे सुटे भाग मिळतील का ते कळतं, आणि भाग मिळणार असतील तरच तो ठेवण्यात अर्थ. म्हणून आधी ओळख. इंजिन जाम आहे ही गोष्ट मात्र थोडा वेळ बाजूला ठेवा. आपल्याकडं लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच चुकतात.

मी ट्रॅक्टरला हात लावलेला नाही, त्यामुळं दोन गोष्टींवर माझं उत्तर फिरू शकतं हे आधीच सांगतो. एक म्हणजे २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी त्याच्यावर कुठवर चढलं होतं. दुसरी म्हणजे हाऊसिंगला, म्हणजे गिअर आणि मागचा एक्सल ज्यात बसतात त्या ओतीव घराला, कुठं तडा आहे का. या दोन्ही गोष्टी तुम्हालाच जाग्यावर बघाव्या लागतील. कशा बघायच्या ते पुढं सांगतो.

रंगापासून सुरू करू. पिवळा रंग बघून काहीच ठरवू नका, पिवळ्याच्या खाली काय आहे ते बघा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा मडगार्डच्या कडेला पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा हळूहळू घासा. पिवळ्याखाली थेट प्रायमर आणि मग पत्रा लागला, तर तो कंपनीतूनच पिवळा आलेला. पिवळ्याखाली लाल निघाला, तर शेतीचा मॅसी किंवा इंटरनॅशनल कुणीतरी नंतर रंगवलाय. निळा निघाला तर फोर्ड. कारखान्यांमध्ये आणि सरकारी कामांवर यार्डात फिरणारी सगळी वाहनं पिवळी करून टाकायची पद्धत होती, त्यामुळं शेतीचे कितीतरी ट्रॅक्टर अंगावर पिवळा रंग घेऊन लिलावाला आलेले मी पाहिलेत.

तुमचा मात्र मुळातच औद्योगिक, म्हणजे शेताऐवजी यार्डात आणि बांधकामावर चालवायला बनवलेला दिसतो, आणि हे मी रंगावरून म्हणत नाही. तिसऱ्या फोटोत पुढचा एक्सल सरळ आणि जाड आहे, चाकांची रुंदी कमी-जास्त करायची भोकं त्याला नाहीत. शेतीच्या ट्रॅक्टरला ती लागतात, कारण सरीप्रमाणं चाकं बसवावी लागतात. ब्रेकच्या पेडलांशेजारी पायानं दाबायचा ॲक्सिलेटर दिसतोय. क्रँकच्या तोंडावर पुढं हायड्रॉलिकचा पंप जोडलाय, तो लोडरसाठीच असतो. मागच्या टायरवर आर-४ लिहिलेलं आहे का तेही बघा. शेतीच्या टायरवर आर-१ असतं आणि त्याच्या नख्या उंच, लांब-लांब असतात. आर-४ च्या नख्या बुटक्या, रुंद आणि जवळजवळ असतात. टायर बदलले जातात, म्हणून तो पक्का पुरावा नाही, पण बाकीच्या खुणांशी जुळला तर बरं.

आता नंबर. चौथ्या फोटोतला इंजिनावरचा नंबर सीई या अक्षरांनी सुरू होतो, मध्ये यू आहे आणि शेवटी सी. ही पर्किन्स या इंग्लंडच्या इंजिन कंपनीची पद्धत आहे आणि ती १९७४ पासूनची. पहिली दोन अक्षरं इंजिनाचं घराणं सांगतात. सीई म्हणजे ३.१५२, तीन सिलिंडरचं आणि १५२ घन इंचांचं, म्हणजे साधारण अडीच लिटरचं इंजिन. यू म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेलं. शेवटचं अक्षर वर्षाचं. ए म्हणजे १९७४, बी म्हणजे १९७५, म्हणून तुमचं सी म्हणजे १९७६. कोयनेचं धरण १९६४ साली पूर्ण झालं. तेव्हा हे इंजिन तरी धरण बांधायला नव्हतं. साताऱ्या-सांगलीत कुठलंही जुनं पिवळं यंत्र कोयनेवरचंच असतं, असं मी पोरगा होतो तेव्हापासून ऐकतोय. घरातल्या मोठ्या माणसांना हे सांगताना जरा जपून सांगा, चुलत्यांची आठवण त्या गोष्टीत गुंतलेली असणार.

पण इंजिनाचं वर्ष म्हणजे ट्रॅक्टरचं वर्ष नव्हे. पन्नास वर्षांत इंजिन बदललं असू शकतं. इंजिनावरचा रंगाचा थर आणि गिअरबॉक्सवरचा थर सारखाच आहे का बघा. दोघांच्या जोडावरचे बोल्ट एकाच जातीचे आहेत, की दोन-तीन वेगळे घातलेत? तुमच्या फोटोत तरी जोड न उघडलेला वाटतो. म्हणून माझा अंदाज असा, की हा मॅसी फर्ग्युसनच्या १३५ च्या घराण्यातला औद्योगिक ट्रॅक्टर आहे, १९७६ च्या आसपासचा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडं पिवळा फोर्ड असेल, तर त्याच्यासाठी थोडं. फोर्डच्या ओतीव भागांवर सी५एनएन असं काहीतरी उठावात असतं. त्यातलं सी म्हणजे १९६० चं दशक, डी म्हणजे १९७० चं, ई म्हणजे १९८० चं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष. म्हणजे सी५ हे १९६५. हे त्या भागाच्या डिझाइनचं वर्ष आहे, ट्रॅक्टर बनल्याचं नव्हे. बनल्याची तारीख वेगळी ठोकलेली असते, त्यात आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळं १९६५ की १९७५ हा घोळ होतो. तेव्हा दोन्ही नंबर शेजारी ठेवून वाचायचे. दहा वर्षांनंतरच्या डिझाइनचा भाग आधीच्या ट्रॅक्टरवर असणं शक्य नाही, एवढं साधं आहे ते.

तुमच्या ट्रॅक्टरची ही ओळख मोलाची आहे. मद्रासला टॅफे या ट्रॅक्टर कंपनीनं मॅसीचं काम १९६० पासून धरलं, आणि तिथल्याच सिम्प्सननं पर्किन्सची इंजिनं बनवली. त्यामुळं या घराण्याचे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट आजही सांगली-मिरज-कोल्हापूरच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराला पिवळा ट्रॅक्टर, लोडर वगैरे काही सांगत बसू नका, पर्किन्स तीन सिलिंडर ३.१५२ म्हणा. अडचण येते ती फक्त औद्योगिकच असलेल्या भागांची. पुढचा एक्सल, त्याच्या किंगपिना, लोडरचा पंप आणि त्याचा वॉल्व्ह. बेअरिंग नंबरवरून आणि ऑइलसील मापावरून मिळतं, पिन लेथवर करून घेता येते. एकच गोष्ट मला काळजीत टाकते. क्लचचं पेडल आहे का, की पुढं-मागं जायला स्टिअरिंगजवळ छोटा दांडा आहे? काही लोडर ट्रॅक्टरांना साध्या क्लचऐवजी तेलाच्या जोरावर ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असायचा. तो निकामी असेल तर मी स्वतः ते काम घेत नाही, कारण त्याचे भाग आपल्याकडं मिळत नाहीत. साधा क्लच असेल तर पुढं वाचा.

आता ठेवायचा की नाही. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चॅसी नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग हे एकमेकांना बोल्टनं आवळलेले बिडाचे भाग हाच त्याचा कणा. इंजिन जाम झालं म्हणजे त्याला ताप आलाय. हाऊसिंगला तडा गेला म्हणजे कणा मोडलाय. लोडरचं काम या कण्यावर सगळ्यात वाईट. बकेट भरून खड्ड्यातून चालवला, की सगळा हिसका पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटवर आणि क्लचच्या घरावर जातो. म्हणून लोडरला खालून एक लोखंडी सांगाडा देतात, तो पुढून मागच्या एक्सलपर्यंत जातो आणि वजन वाटून घेतो. तो सांगाडा कुणी मध्येच कापला असेल किंवा त्याचे मागचे बोल्ट गळाले असतील, तर तडा शोधायलाच हवा.

तडा डोळ्याला दिसत नाही. त्याची जुनी रीत सांगतो. वायर ब्रशनं जागा घासून काढा, माती-ग्रीस काही ठेवू नका. रॉकेल किंवा डिझेल फडक्यानं चोळून लावा आणि अर्धा तास थांबा. मग कोरड्या फडक्यानं एकदम स्वच्छ पुसा, आणि शाळेतला पांढरा खडू आडवा धरून त्यावर फिरवा. जागा पांढरी झाली पाहिजे. आता बसून बघा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. पहिल्यांदा टिंब दिसतं, मग दुसरं, मग ती जोडली जातात. ब्लॉक आणि क्लचच्या घराच्या जोडाचे खालचे दोन कोपरे, पुढच्या एक्सलचं ब्रॅकेट, आणि लोडरचा सांगाडा मागच्या एक्सलला जिथं आवळलाय त्या बोल्टांभोवती, एवढ्या जागा कराच. जोडाच्या फटीची रेघ सरळ असते, तड्याची वाकडी. गोंधळू नका.

वाकडी रेघ निघाली तर माझं मत स्पष्ट आहे, तो ट्रॅक्टर कामाला लावू नका. बिडाला वेल्डिंग होतं, झाकणाला किंवा कव्हरला मी करूनही देतो, पण कण्याला केलेलं वेल्डिंग लोडरखाली टिकत नाही आणि ते सुटतं तेव्हा माणूस वर बसलेला असतो. टॅफेच्या एखाद्या मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं हाऊसिंग जुळलं तर गोष्ट वेगळी, पण ते शोधायला चिकाटी लागते.

रेघ नाही निघाली तर खाली झोपा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडा. एकदम काढू नका, आटे सुटेपर्यंत ढिला करा आणि खाली पांढरी बादली धरा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आधी पाणीच येणार. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असेल तर प्रत्येक पावसाळ्यात थोडं-थोडं पाणी आत जातं. लिटर-दोन लिटर पाणी आणि मागून काळं तेल आलं तर घाबरू नका, हे नेहमीचं आहे. दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी तेलात घुसळलंय, म्हणजे पाणी शिरल्यावरही ट्रॅक्टर चालवलेला आहे. बेअरिंगं बघावी लागतील. पण गाळ आला, बोटांत चोळल्यावर कचकच लागणारा नदीचा गाळ, तर पुराचं पाणी आत जाऊन बसलंय. तेव्हा वरचं कव्हर काढून क्राऊन आणि पिनियनचे, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या मोठ्या-छोट्या गिअरचे, दात बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. तेलात बुडालेला भाग चांगला असतो, गंज धरतो तो तेलाच्या रेषेच्या वरचा. दातांवर खड्डे पडले असतील तर खर्चाचा हिशेब बदलला. मागच्या हाऊसिंगचा प्लगही असाच बघा.

इथवर थोडक्यात: ओळख चांगली आहे, भाग मिळतात, म्हणून आता सगळं खडूच्या रेघेवर आणि बादलीतल्या तेलावर आहे.

आणि मग इंजिन. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी कराडकडच्या एका वीटभट्टीवाल्यानं मला असाच जाम ट्रॅक्टर दाखवला. मी क्रँकच्या नटाला पाना लावला, दोघांनी जोर केला, हलला नाही. मी म्हणालो, यात काही राहिलं नाही, द्या काट्यावर. चौथ्या दिवशी गॅसकटरवाल्यानं त्याचं हेड काढलं तेव्हा मी तिथंच होतो. एका सिलिंडरात सायलेन्सरमधून पाणी गेलं होतं, तिथं रिंगा गंजून चिकटल्या होत्या. बाकीचे लायनर आरशासारखे. एक लायनर-पिस्टन आणि थोडा धीर, एवढ्यात ते इंजिन उभं राहिलं असतं. तोवर मागचं हाऊसिंग कापून झालं होतं. त्या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण तेव्हापासून मी सिलिंडरात डिझेल फवारणारी नोझल काढून आत बघितल्याशिवाय कुठलंही इंजिन मेलंय असं म्हणत नाही.

तुम्हीही तिन्ही नोझल काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. प्रत्येक भोकातून अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता. वरचं कव्हर काढून वॉल्व्ह मोकळे आहेत का तेही बघा, एखादा चिकटलेला असला आणि तुम्ही क्रँक फिरवला तर पुशरॉड वाकतो. आठ दिवस थांबा, मधे एकदा परत तेल घाला. मग गिअर न्यूट्रलला ठेवून फ्लायव्हीलच्या दातांत बार घालून थोडं पुढं, थोडं मागं करा. एका बाजूलाच जोर लावू नका. आणि काहीही झालं तरी दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून सुरू करायचा प्रयत्न करू नका. जाम पिस्टन सुटत नाही, रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग खरंच भंगार.

पैशाचं बोलू. हा ट्रॅक्टर नुसता दीड टनाच्या आसपास, लोडर आणि सांगाड्यासकट दोन टनांच्या पुढं भरेल. भंगारवाला सगळ्याला एकच भाव लावतो, कारण त्यात त्याचा फायदा आहे. बीड वेगळं विकलं जातं, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना ते लागतंच. रेडिएटरचं तांबं-पितळ वेगळं, डायनामो आणि सेल्फमधलं तांबं वेगळं. वर क्रँक, हेड, फ्युएल पंप, लोडरचे सिलिंडर आणि मागच्या रिमा हे भाग म्हणून विकले तर वजनापेक्षा जास्त येतात. म्हणजे कणा मोडलेला निघाला तरी तो तसाच उचलून देऊ नका, आधी खोला. खोलण्याची मजुरी दोन-तीन दिवसांची.

कणा शाबूत निघाला तर तो तुमच्या कशाला उपयोगी पडेल? शेताला नाही, हे मनाशी पक्कं करा. लिफ्ट नाही, अवजार फिरवायचा मागचा शाफ्ट, म्हणजे पीटीओ, आहे असं दिसत नाही, तेव्हा नांगर किंवा हळदीचा पॉलिश ड्रम यावर चालणार नाही. मागाहून लिफ्ट बसवण्याच्या भानगडीत पडू नका, तेवढ्यात जुना शेतीचा ट्रॅक्टर येईल. पण शेणखत भरणं, कारखान्याची मळी (प्रेसमड) पसरायला उचलणं, हळद शिजवताना कंद कुकरपर्यंत नेणं, यात लोडर चार माणसांचं काम करतो. तुमच्याकडं हळद आणि ऊस दोन्ही आहे असं तुम्ही लिहिलंय. हे काम वर्षात दोन महिने जरी असलं तरी मी तो दुरुस्त करेन. हे काम नसेल आणि फक्त चुलत्यांचा म्हणून ठेवायचा असेल, तर तेही वाईट नाही. मात्र मग बाभळीखालून काढून छपराखाली घ्या, नाहीतर आणखी पाच वर्षांनी हाच प्रश्न परत येईल आणि तेव्हा उत्तर काट्यावरचंच असेल.

कागदांचं एक. लिलावाची पावती शोधा. कारखान्याच्या आवारातच फिरलेल्या ट्रॅक्टरचं आरसी बुक कधी झालेलंच नसतं, असं बऱ्याचदा होतं. आरसी असेल आणि तुम्ही तो मोडीत काढला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. ते केलं नाही तर कागदावर ट्रॅक्टर तुमच्याच नावावर फिरत राहतो. नंबरची पाटी तीन अक्षरांच्या जुन्या पद्धतीची असेल, एमएच-१० अशी नसेल, तर नोंद १९८९ च्या आधीची आहे. सांगलीच्या आरटीओत जुनं रजिस्टर बघायला सांगा. चेसिसचा नंबर तिथं मिळाला तर माझा ओळखीचा अंदाजही ताडून बघता येईल.

आणि कामाला हात घालण्याआधी लोडरचे हात जमिनीवर आहेत ना ते बघा. फोटोत ते वर दिसतात, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या सीलांवर उभे आहेत. त्यांच्याखाली जाऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका. दोन्ही हातांखाली आधी लाकडी ओंडके रचा, मग पाइपचा नट लांबून, बाजूला उभं राहून ढिला करा. तेल सुटलं की हात सावकाश ओंडक्यांवर बसतील. गॅसकटर येणार असेल तर डिझेलची टाकी आधी काढून लांब ठेवायला सांगा, रिकामी असली तरी. ब्रेकचे ड्रम उघडले तर आतली धूळ फुंकू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

भंगारवाल्याला पंधरा दिवसांची मुदत मागा. खडूची रेघ आणि बादलीतलं तेल, या दोन्हींचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा. क्लचच्या घराचा डावा खालचा कोपरा जवळून घ्या, तुमच्या दुसऱ्या फोटोत तिथं तेलाचा ओघळ दिसतोय. तो वरच्या गॅस्केटमधून आलाय की तिथंच फुटलाय, हे मला लांबून सांगता येत नाही.